कमी प्रवाहावर सांडपाण्याचा पंप का चोंदतो, का झिजतो: नागपूरच्या फ्लॅट स्कीमसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नागपुरातल्या फ्लॅट स्कीमचे सचिव, केअरटेकर आणि छोटे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) चालवणारे ऑपरेटर यांच्यासाठी आहे. तळघर असलेल्या किंवा गडर लाइनपेक्षा खाली बसलेल्या इमारतीला पंपाशिवाय इलाज नसतो: सांडपाणी आधी खालच्या टाक्यात जमतं आणि तिथून पंप ते वर फेकतो. बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड, वर्धा रोड, सगळीकडून येणारे प्रश्न जवळपास सारखेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी मांडली आहेत.

पंप दर पंधरवड्याला चोंदतो. लोक संडासात काहीही टाकतात, दुसरं काय कारण असणार?

हे अर्धंच कारण आहे. वेट वाइप, सॅनिटरी पॅड, पोछ्याचे दोरे, केसांचे गुंते हे टाक्यात येतातच आणि ते येऊ नयेत यासाठी सोसायटीनं जरूर बोलत राहावं. बरेचसे वेट वाइप पॉलिएस्टरसारख्या धाग्याचे असतात. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते पाण्यात विरघळत नाहीत.

पण दोन शेजारच्या इमारतींमध्ये राहणी सारखी, कचरा सारखा, आणि एकीचा पंप वर्षभर उघडावा लागत नाही तर दुसरीचा महिन्यातून दोनदा उघडावा लागतो, असं का होतं? तो दुसरा पंप बहुतेक वेळा त्याच्या ठरलेल्या प्रवाहापेक्षा फार कमी पाणी फेकत असतो. पूर्ण प्रवाहात जे फडकं सरळ बाहेर गेलं असतं, तेच कमी प्रवाहात इंपेलरला, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाला, चिकटून बसतं. म्हणून पंप उघडायच्या आधी प्रवाह मोजा, एवढाच आमचा आग्रह आहे. रहिवाशांना दोष देऊन सभा आटोपते, पंप पुन्हा चोंदतोच.

कमी प्रवाह म्हणजे टाक्यात पाणी कमी येणं का?

नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते. टाक्यात सांडपाणी कमी येणं ही एक गोष्ट. पंप चालू असताना त्याच्यातून कमी पाणी जाणं ही दुसरी. पहिल्यात पंप कमी वेळ चालतो, तेवढंच. त्यानं पंपाचं थेट काही बिघडत नाही, मात्र पाणी टाक्यात जास्त वेळ थांबतं, गाळ खाली बसतो, तेलकट साय वर जमते आणि वास सुटतो. पंपाचा खरा घात दुसऱ्या प्रकारात होतो.

पंपाच्या आत तेव्हा नेमकं काय घडतं?

प्रत्येक सेंट्रिफ्युगल (इंपेलर फिरवून पाणी फेकणाऱ्या) पंपाचा एक बिंदू असतो, जिथं त्याची कार्यक्षमता सगळ्यात जास्त असते. इंपेलरच्या पात्यांचा कोन त्या प्रवाहासाठी बेतलेला असतो. साधारणपणे त्या प्रवाहाच्या ७० ते १२० टक्क्यांत पंप चालला तर पाणी पात्यांवर सुरळीत चढतं आणि कचऱ्याला सोबत घेऊन जातं.

प्रवाह बराच खाली आला की पाणी पात्याच्या कडेवर वाकडं आदळतं. त्यातलं काही पाणी इंपेलरच्या तोंडाशीच उलटं फिरतं, परत सक्शनकडे (पाणी आत ओढणाऱ्या तोंडाकडे) येतं, पुन्हा आत ओढलं जातं. याला रिसर्क्युलेशन म्हणतात. आता त्या पाण्यात एक वाइप आहे असं समजा. ते एकदा पात्याच्या कडेला लागतं, पण त्याला पुढं ढकलून काढायला प्रवाहात जोर नसतो. एक टोक पात्याच्या एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला, असं ते दुमडून अडकतं. त्यावर केस येतात, केसांवर दुसरं वाइप येतं. असा पंप उघडला की पात्याच्या कडेला पिळलेला, काळा, तेलानं चिकट झालेला दोर निघतो. तो हातानं सुटत नाही, कापावाच लागतो. पूर्ण प्रवाहावर चालणाऱ्या पंपात असा पीळ सहसा सापडत नाही.

दुसरी गोष्ट दाबाची. साध्या व्होल्यूट केसिंगमध्ये, म्हणजे इंपेलरभोवतीच्या गोगलगाईसारख्या कवचात, ठरलेल्या प्रवाहावर इंपेलरभोवतीचा दाब चहूकडून जवळपास सारखा असतो. प्रवाह कमी झाला की तो एका बाजूनं जास्त होतो आणि शाफ्टला सतत एका बाजूला रेटतो. शाफ्ट केसभर वाकतो, पण तेवढं पुरतं. मेकॅनिकल सीलच्या (शाफ्टजवळून पाणी मोटरमध्ये शिरू न देणाऱ्या भागाच्या) घासणाऱ्या चकत्या नीट टेकत नाहीत, बेअरिंगवर भार येतो आणि इंपेलर वेअर रिंगला (इंपेलर आणि केसिंगमधली फट कमी ठेवणाऱ्या कड्याला) एकाच बाजूनं घासतो. उघडल्यावर रिंगचा अर्धा भाग चकचकीत आणि अर्धा मळकट दिसला तर कारण शोधायला लांब जायला नको.

आमची सील सारखी जाते. मेकॅनिक म्हणतो सीलच डुप्लिकेट आहे.

असूही शकते. पण चांगल्या सीलसुद्धा लागोपाठ जात असतील तर वरचं उत्तर पुन्हा वाचा. सीलच्या ऑइल चेंबरमधलं तेल दुधट झालं असेल तर पाणी आत शिरलंय. तेव्हाच सील बदलली तर मोटरचं वाइंडिंग वाचतं.

वाल्व्ह थोडा दाबून ठेवला तर पंप शांत चालतो, अँपिअर कमी येतात, बिल वाचतं. मग यात वाईट काय?

बिल वाचत नाही. अँपिअर कमी येतात हे खरं, पण पाणी त्याहून जास्त कमी झालेलं असतं, त्यामुळे तेच टाकं रिकामं करायला पंप जास्त वेळ चालतो. एक घनमीटर पाणी वर चढवायला एकूण वीज जास्तच लागते.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. प्रत्यक्ष चढ ९ मीटरचा आणि पंप २० मीटर हेडचा (हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) बसवलेला, असं नेहमी दिसतं. असा पंप गरजेपेक्षा फार जास्त पाणी फेकतो, ओव्हरलोड होऊन ट्रिप होतो, मग मेकॅनिक वाल्व्ह दाबतो. इथं वाल्व्ह दाबल्यानं पंप खरं तर आपल्या योग्य प्रवाहाकडे येतो. तरीही सांडपाण्याच्या लाइनवर हा उपाय चालत नाही, कारण अर्धवट बंद वाल्व्हच्या फटीत फडकी अडकतात. आज योग्य प्रवाहावर आलेला पंप पंधरा दिवसांनी, कोणी हातही न लावता, फार कमी प्रवाहावर गेलेला असतो. गढूळ पाण्याच्या लाइनवरचा वाल्व्ह एक तर पूर्ण उघडा असावा, नाही तर पूर्ण बंद. हेड जास्त असेल तर इंपेलर ट्रिम करून (कडेनं कापून लहान करून) घ्या किंवा पंप बदला.

फ्लो मीटर नाही. मग प्रवाह मोजायचा कसा?

टाकंच मीटर आहे. एक सरळ बांबू, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि टाक्याची लांबी-रुंदी, एवढ्यावर काम होतं. झाकण उघडलं की लगेच वाकून बघू नका, वायू बाहेर जाऊ द्या आणि मोजणारा माणूस वरच उभा राहू द्या.

समजा टाकं आतून २ बाय २ मीटर आहे. म्हणजे पातळी १ सेंटिमीटर बदलली की ४० लिटर. आधी पंप बंद ठेवून ५ मिनिटांत पातळी किती चढते ते बघा. २ सेंटिमीटर चढली तर ८० लिटर, म्हणजे मिनिटाला १६ लिटर येत आहेत. मग पंप सुरू करा. ५ मिनिटांत पातळी ३० सेंटिमीटर उतरली तर १२०० लिटर, मिनिटाला २४०. त्यात येणारे १६ मिळवा. पंप मिनिटाला २५६ लिटर, म्हणजे तासाला सुमारे १५.४ घनमीटर फेकतोय. हा आकडा नेमप्लेटशी आणि शक्य असेल तर पंपाच्या कर्व्हशी (किती हेडवर किती प्रवाह, हे दाखवणाऱ्या कंपनीच्या आलेखाशी) ताडून बघा.

तीच पातळी ५ मिनिटांत फक्त ८ सेंटिमीटर उतरली, तर पंप तासाला ४.८ घनमीटरच फेकतोय. नेमप्लेटवर १५ लिहिलं असेल तर हा पंप आज ना उद्या चोंदणारच, कुणाच्या बाथरूममधून काय आलं हा प्रश्नच वेगळा.

एक फसवी जागा आहे. स्टँडबाय पंपाचा एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा वाल्व्ह) नीट बंद होत नसेल तर चालू पंपाचं पाणी त्याच्यातून परत टाक्यातच पडतं. पातळी हळू उतरते आणि आपण चांगल्या पंपाला दोष देतो. स्टँडबाय पंपाकडच्या पाइपवर हात ठेवा, पाणी वाहत असल्याचं जाणवतं. त्याचा वाल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा मोजा.

किती प्रवाह असला म्हणजे पुरे?

दोन अटी आहेत. पहिली पंपाची, ती वर आली: ठरलेल्या प्रवाहाच्या ७० ते १२० टक्के. दुसरी पाइपाची. चढणाऱ्या पाइपात वेग सेकंदाला साधारण ०.६ ते ०.८ मीटर असावा, नाही तर वाळू आणि मैला पाइपातच बसतो. ०.७ धरला तर ८० मिलिमीटरच्या पाइपाला तासाला सुमारे १३ घनमीटर लागतात, १०० च्या पाइपाला २०, १५० च्या पाइपाला ४४ ते ४५. वरच्या उदाहरणातल्या ४.८ घनमीटरनं ८० च्या पाइपात वेग पाव मीटरच्या थोडा वर राहतो. म्हणजे तिथं पंपही चोंदतोय आणि पाइपही भरत चाललाय. पाइप भरला की विरोध वाढतो, प्रवाह आणखी घटतो.

«पाइप मोठा टाकला म्हणजे चांगलं» ही समजूत पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर चालून जाते, इथं नाही.

आमच्याकडे ६० फ्लॅट आहेत. तासाला १३ घनमीटरचा पंप फार मोठा नाही का होणार?

हिशेब करू. ६० फ्लॅट, फ्लॅटमागे साडेचार माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी: दिवसाला सुमारे २९ घनमीटर. चोवीस तासांवर वाटलं तर तासाला १.२ घनमीटर, सकाळच्या गर्दीत त्याच्या तिप्पट धरा.

म्हणजे १३ चा पंप दिवसभरात जेमतेम सव्वादोन तास चालेल. तसाच चालू द्या. सांडपाण्याचा पंप थोडा वेळ आणि पूर्ण ताकदीनं चालण्यासाठीच असतो. त्याला कमी करून दिवसभर चालवणं हीच चूक. फक्त चालू-बंद फार वेळा होऊ नये. तासाला १० वेळा सुरू होणं चालत असेल तर १३ च्या पंपाला फ्लोटच्या (पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचच्या) दोन पातळ्यांमध्ये साधारण ३२५ लिटर पाणी मावलं पाहिजे. वरच्या २ बाय २ च्या टाक्यात तेवढी जागा सव्वाआठ सेंटिमीटरमध्येच होते. फ्लोट त्याहून बरेच लांब ठेवता येतात.

पण एसटीपीच्या एरेशन टँकला (सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीला) तासाला दीड घनमीटरच सोडायचं आहे. तिथं वाल्व्ह दाबावाच लागतो.

नागपुरातल्या छोट्या एसटीपींमध्ये सगळ्यात जास्त पंप इथंच मरतात. दीड घनमीटरचा आणि मैला जाऊ शकेल एवढ्या तोंडाचा पंप मिळणं कठीण, म्हणून दहा-बाराचा बसवतात आणि वाल्व्हनं गळा आवळतात.

यावरचा चांगला उपाय एक छोटी वाटणीची पेटी आहे. पंपाला पूर्ण प्रवाहावर चालू द्या. पाणी वर एका उघड्या पेटीत पडू द्या. पेटीत व्ही-नॉच (इंग्रजी व्ही आकाराची खाच) ठेवा, तिच्यातून हवं तेवढं पाणी एरेशन टँकला जाईल, उरलेलं रुंद पाइपानं परत इक्वलायझेशन टाक्यात (सांडपाणी आधी जमतं त्या टाक्यात) पडेल. वीज थोडी जास्त जाते हे मान्य. पण परत पडणारं पाणी टाकं ढवळतं, गाळ बसत नाही आणि नॉचवर काही अडकलं तर उभ्या उभ्या दिसतं, हातमोजा घालून काढता येतं. बंद पाइपाला टी काढून एका फांदीवर वाल्व्ह लावणं म्हणजे पेटी नव्हे, तिथं तोच अडथळा पुन्हा तयार होतो.

पेटीला जागा नसेल तर टायमर लावून दर तासाला काही मिनिटं पूर्ण ताकदीनं पंप चालवा. ते वाटणीइतकं सुबक नाही, पण वाल्व्ह दाबण्यापेक्षा कितीतरी बरं.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावला तर प्रश्न सुटेल का?

विचार न करता लावला तर वाढेल. वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, पण हेड वर्गाच्या प्रमाणात घटतं. वाल्व्ह बंद असताना १५ मीटर हेड देणारा पंप ५० हर्ट्झवरून ४० वर आणला तर त्याचं हेड ९.६ मीटर होतं. तुमचा उभा चढ १० मीटरचा असेल तर तो पंप फिरेल, आवाज करेल, पण बाहेर एक थेंबही जाणार नाही. आतलंच पाणी घुसळून तापेल. त्यामुळे किमान वेग तुमच्या चढावरून ठरवून ड्राइव्हमध्ये बांधून टाका. सुरू होताना काही सेकंद पूर्ण वेगानं चालवा.

काही ड्राइव्ह इंपेलर उलटा फिरवून फडकी सोडवतात. सोय चांगली आहे, पण इंपेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असेल तर उलटं फिरून तो सुटू शकतो. आधी खात्री करा.

झीज तर वाळूनं होते. तिचा प्रवाहाशी काय संबंध?

वाळू हवीच, पण ती पंपात किती वेळ राहते हे प्रवाह ठरवतो. पूर्ण प्रवाहात कण आत आला आणि बाहेर गेला. कमी प्रवाहात तोच कण केसिंगमध्ये गरगरत राहतो आणि त्याच त्याच जागा खरवडतो: इंपेलरचं तोंड, वेअर रिंग, केसिंगच्या जिभेजवळचा (पाणी बाहेर पडतं तिथल्या कडेजवळचा) भाग. बाहेरून ऐकलं तर पंपात खडे खडखडल्यासारखा आवाज येतो. वेगाचंही बघा. कणाचा वेग दुप्पट झाला तर झीज साधारण पाच-सहा ते आठ पट होते. जितकं जास्त हेड, तितका इंपेलरच्या कडेचा वेग जास्त, म्हणून गरज नसताना घेतलेलं हेड झिजेच्या रूपानं पुन्हा पैसे मागतं.

झिजलं की फट वाढते. फटीतून पाणी दाबाकडून परत सक्शनकडे गळतं, बाहेर जाणारा प्रवाह आणखी घटतो आणि वाढलेल्या फटीत केस आणि दोरे शिरून अडकतात. चोंदणं आणि झिजणं असं एकमेकांना धरून वाढतं.

वाळू येते कुठून? उघड्या चेंबरमधून, पार्किंग धुताना आणि फ्लॅटमधल्या टाइल्स बदलण्याच्या कामातून. मिस्त्री संध्याकाळी घमेलं आणि थापी बाथरूममध्येच धुतो, कन्हानची रेती आणि सिमेंट दोन्ही खाली जातात. कामाची परवानगी देताना सोसायटीनं ही एक अट घालावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी लेआउट, डागा लेआउट भागात पाणी शिरलं. अशा पुरानंतर टाक्यातला गाळ न काढता पंप तसाच सुरू केला तर त्याचं आयुष्य तिथंच संपायला लागतं.

उन्हाळ्यात त्रास का वाढतो?

सुट्यांमध्ये अर्धे फ्लॅट रिकामे, पाणी कमी, त्यामुळे मैला घट्ट. वरून ४५ अंशांचं ऊन, सांडपाणी काही तासांतच सडायला लागतं. आणि कूलर! मार्चमध्ये कूलर काढले की बाल्कनीत धुतले जातात, जुन्या ताट्यांमधलं लाकडी गवत आणि वाळा जाळी नसलेल्या मोरीतून खाली जातो. हे धागे लांब आणि चिवट असतात, इंपेलरला त्यांचाच पीळ सगळ्यात घट्ट बसतो. मार्चच्या आधी बाल्कनीच्या मोऱ्यांना जाळ्या बसवा. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आणि हिवाळ्यात?

तेल. खाली सावजी भोजनालय असेल तर विचारायलाच नको. तर्रीचं तेल गरम असताना वाहतं, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पाइपात आणि टाक्यात थिजतं. किचनच्या लाइनवर ग्रीस ट्रॅप हवा आणि तो ठरल्या दिवशी साफ व्हायला हवा. टाक्यावरची साय घालवायला आठवड्यातून एकदा, समोर उभं राहून, पंप हातानं चालवून पातळी नेहमीच्या खाली, सक्शनच्या तोंडाशी येईपर्यंत उतरवा आणि लगेच बंद करा.

अँपिअर मीटर बघून काही कळतं का?

बरंच कळतं. नेहमीपेक्षा कमी अँपिअर: पाणी कमी जातंय, म्हणजे वाल्व्ह, एनआरव्ही किंवा पाइप तपासा, हवा अडकली आहे का बघा. नेहमीपेक्षा जास्त: इंपेलरला काहीतरी गुंडाळलं गेलंय, किंवा बेअरिंग. ओव्हरलोड ट्रिप झाला की रिसेट दाबत बसू नका, एकदा दाबून पुन्हा ट्रिप झाला तर पंप वर काढा. वाइंडिंग जळण्याची सुरुवात त्या बटणापासून होते.

केबल बदलल्यापासून पंप पाणी कमी फेकतो.

फेज उलटे लागलेत का ते आधी बघा. थ्री फेज पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी फेकतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

दोन्ही पंप एकदम चालवले तर टाकं लवकर रिकामं होईल ना?

दुप्पट वेगानं होणार नाही. एकाच पाइपात दुप्पट पाणी ढकलायचं तर विरोध वाढतो, आणि प्रत्येक पंपाचा प्रवाह घटतो. त्यातला एक झिजलेला असेल तर त्याचा एनआरव्ही उघडतच नाही आणि तो बिचारा बंद तोंडानं फिरत राहतो. पावसाळ्यात गरज पडली तर चालवा, रोजची सवय नको. पाळीपाळीनं चालवा.

कटर पंप किंवा व्होर्टेक्स पंप घेऊ का?

व्होर्टेक्समध्ये इंपेलर मागं सरकवलेला असतो, बरंचसं पाणी त्याला न लागता जातं, म्हणून फडकी कमी अडकतात. कार्यक्षमता कमी असते. लहान स्कीमसाठी आम्ही बहुतेकदा हाच सुचवतो. कटर चांगला, पण वाळू असेल तर त्याची धार लवकर जाते आणि धार गेलेला कटर दोरे तोडण्याऐवजी ओढतो. दोघांपैकी कोणताही पंप गळा आवळून चालवला तर गुंता होणारच.

चोंदलेला पंप काढायला टाक्यात माणूस उतरवावा लागतो. काय करावं?

उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवून साफसफाई करून घ्यायला बंदी आहे. गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पंप गाइड रेल आणि साखळीवर बसवला की वरूनच ओढून काढता येतो. हा खर्च पंपासोबतच मंजूर करून घ्या. गाळ काढायला सक्शनची गाडी बोलवा.

नवीन पंप घेताना दुकानदाराला काय सांगायचं?

«पाच एचपीचा द्या» असं सांगू नका. टाक्याच्या बंद होण्याच्या पातळीपासून वरच्या टोकापर्यंतचा उभा चढ, पाइपाचा व्यास आणि लांबी, बेंड किती, हे लिहून न्या. त्यावरून हेड काढून मागा आणि त्या हेडवर पंप किती पाणी देतो, ते कर्व्हवर बोट ठेवून दाखवायला सांगा. तो बिंदू कर्व्हच्या डाव्या टोकाला असेल तर तो पंप घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. पंपातून किती मिलिमीटरचा गोळा जाऊ शकतो तेही विचारा. बसवल्याच्या दिवशी बांबूनं प्रवाह मोजून, अँपिअर वाचून दोन्ही आकडे तारखेसकट पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवा.